जड पाण्यातला हुलगा

—न्हाई न्हाई, सिस्टर, त्यास्नी उठवू नका. आत्ताच डोळा लागलाय. बसा तुमी हितं, वट्यावर जरा वारं हाय—आत पत्रा तापलाय नुसता. ते प्रेशरचं मशीन ठिवा बाजूला, घटकाभरानं मोजलं म्हनून काय बिघडतंय? पानी घ्या. घ्या की. एकच घोट? तरी मी म्हनलं, नवीन मानूस हितला तांब्या पुरा करत न्हाई. लई जड हाय वो पानी. बोअरचं. चारशे ऐंशी फुटावरनं येतंय. बुडाला बगा तांब्याच्या, पांढरे पापुद्रे धरल्यात—रोज चिंचंनं घासते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हायेतच. आमाला काय, सवय झाली.

व्हय, वहीतलं नाव बरुबर हाय. कानिफनाथ—तेच. मी काय तोंडानं घेत न्हाई, तुमी वाचलं तेवढं बास. वय सत्तर लिवा. शुगर फॅक्टरीच्या गेटवर हुते, तीस वर्सं शिट्टी फुकली आन लोकांच्या पिशव्या तपासल्या. गोळी? हे बगा पाकीट. मोजा तुमीच—एक गोळी मागं न्हाई, फुडं न्हाई. सकाळी न्याहारी झाली की मी सोता हातावर ठेवते आन तोंड उघडायला लावून बघते, गिळली का गालात धरली. आजची? आजची… आजची ऱ्हायली. देते की. उठल्यावर देते. तुमी लिवा, गोळी चालू हाय.

मागच्या दसऱ्याला देवळात शिबिर झालं, तवा कळलं आमाला. एकशे अठ्ठ्याऐंशी. कर्जतहून डॉक्टरीनबाई आल्त्या, पोरगीच म्हना, पन बोलायला लई पक्की. त्या म्हनल्या, आजी, तीन गोष्टी. गोळी रोज. मीठ कमी. आन कडधान्य खायला घाला—मटकी, मूग, चवळी, हुलगा—त्यानं रगताच्या नळ्या सैल पडत्यात, प्रेशर उतरतं. पोटॅशियम का कायतरी नाव घेतलं त्यांनी. मला तर हसूच आलं. म्हनलं, बाई, मी समजले औषध म्हंजे नगरला जाऊन आनायची वस्तू आसंल, आन हे तर माझ्या कनगीत भरून पडलंय! हुलगा आमी बैलाला भरडून घालायचो. मानसाला घातला तर थंडीपावसात त्याच्या पिठाची पातळ पेज, माडगं, न्हाईतर शेंगोळे. आता म्हनलं, रोज घालते. दोन टाइम घालते. बघू कसं उतरत न्हाई ते.

आन मीठ—त्या कमी म्हनल्या. मी म्हनलं कमी कशाला, बंदच! माझा सभाव तसा हाय, सिस्टर, एकदा ठरवलं की ठरवलं. मिठाची बरनी उचलली आन भागिरथीच्या घरात नेऊन ठिवली. भागिरथी म्हंजे माझी धाकटी जाऊ, ह्या भिंतीपलीकडं ऱ्हाते. लोनचं बंद. पापड बंद. ठेच्यात मीठ न्हाई—खाऊन बगा कदी, मिरची नुसती जिभंवर नाचती. ह्यांनी काय कमी चाळे केले? एकदा खाऱ्या शेंगदान्याची पुडी बंडीच्या खिशात सापडली. एकदा टोपीत! मी म्हनलं, आवो, जल्मभर दुसऱ्याच्या झडत्या घेतल्या तुमी, आता बायकू घेती तुमची. हसले बिचारे. पुडी माझ्या हातावर ठिवली. म्हनले, घे, चोर सापडला. तवापास्नं खड्यायेवढं मीठ ह्या घरात आलं न्हाई, हे मी लेकाची शप्पथ घिऊन सांगते.

आन उतरलं की! वही चाळा तुमी मागची, तुमच्या आधीच्या आरती सिस्टरनी लिवलंय सगळं. दिवाळीला एकशे सत्तर. संक्रातीला एकशे चव्वेचाळीस. आरती सिस्टर म्हनल्या, राहीबाई, तुमी तर डॉक्टरीनच हाय. लई बरं वाटलं वो. शाळंत न्हाई गेले मी, पन हे मला जमलं. मंग मी अख्ख्या वस्तीला सांगत सुटले—हुलगा खावा, मटकी खावा, मीठ सोडा, माझ्या मानसाकडं बगा. भागिरथीलाबी सांगितलं. तिच्या मालकालाबी हुतं ना प्रेशर—रंभाजीला, माझ्या धाकट्या दिराला. धाकटा म्हंजे… मी लगीन हून आले तवा चड्डी सावरता येत न्हवती त्याला. सासू न्हवती, मीच न्हाऊ-माखू घातलं, मीच शाळंत सोडलं. वैनी म्हनायचा, पन आईच म्हना.

तर शिमग्यात आमची हीर ढासळली. हितंच हुती, त्या बाभळीपाशी. हिरीचं पानी ग्वाड हुतं, डाळ म्हनू नका, हुलगा म्हनू नका, दोन-तीन शिट्ट्यांत लोन्यावानी व्हायचा. ती बसली आन पाडव्याच्या तोंडावर चार घरांनी मिळून हे बोअर घेतलं. पानाड्या आनला, त्यानं तळहातावर नारळ धरला, नारळ उभा ऱ्हायला तितं मशीन लावलं. पानी लागलं—पन कसलं लागलं! तवाच थोरली मानसं म्हनत हुती, आवसंच्या दिवशी भोक पाडू नका जमिनीला. गाडीवाला म्हनला, मला उद्या दुसरीकडं जायचंय. पाडलं आवसंला. आन तितनंच फिरलं बगा सगळं. चैतात ह्यांचं एकशे साठ. जेठात एकशे शहात्तर. मागल्या म्हैन्यात एकशे अठ्ठ्यान्नव. चार घरं ह्या बोअरवर, चारीत प्रेशरवाला मानूस. लोक आता उघड म्हनत्यात, ते बोअर मानसं खातंय. मी हसत हुते आदी. मंग आखाडात रंभाजी गेला.

जेवता जेवता गेला. म्हंजे तवाच न्हाई गेला—हातातली भाकर पडली, बोबडं बोलाया लागला. जीपमधी घातला, मी मांडीवर डोकं घेतलं त्याचं. वैनी, वैनी म्हनायला बगत हुता, व… व… एवढंच निगायचं. तितं दवाखान्यात कोन आत नेतंय, कोन कागद मागतंय, मला बाहेर बसवलं. तिसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून दिला. डॉक्टर म्हनले, मेंदूतली नळी फुटली, प्रेशर लई वर गेल्तं. म्हनलं, कसं जाईल? मीठ सोडल्यालं हुतं त्यानं. दोन टाइम हुलगा-मटकी खात हुता. माझ्यासारखंच शिजवत हुती भागिरथी, मीच शिकवलं तिला. तवा म्हनलं, हे बोअरच हाय. दुसरं काय न्हाई. मी जाऊन बोअरला निवद दावला—हुलग्याचाच—हात जोडले, म्हनलं, एक घेतलास, आता बास कर.

ह्यांचं? ह्यांची तब्बेत तशी चांगली हाय. उलट अंग भरलंय. गेटवर हुते तवा नुसती काठी, आता गाल वर आल्यात, पाय बी कसे गुबगुबीत झाल्यात—बोट दाबलं तर खड्डा पडतोय, बराच येळ ऱ्हातोय. व्हय, दोन्ही पाय. चप्पल मोठी आनली. कडधान्यानं अंग धरतंच ना? आडवं निजलं की दम लागतो जरा, म्हनून दोन उश्या लावून टेकवते. का वो? असं लिवताय का भरभर? …मी काय म्हनते, पैलवानाला हरभरा घालत्यात ते उगं का? आन प्रेशर चढलं तसा मी खुराक वाढवला. एकशे साठ झालं, तवा सकाळच्याला बी माडगं चालू केलं. एकशे शहात्तर झालं, तवा ताटातली भाजी काढली, नुसती उसळ. जेवढं चढंल तेवढं घालायचं. ह्यांचा मुळीच इचार न्हवता. म्हनायचे, पोट फुगतंय गं राही, दुसरं कायतरी दे. मी म्हनायचे, गॅस व्हतोय तर व्हऊंद्या, त्याला औषध हाय माझ्याकडं—जेवल्यावर लिंबू पिळायचं आन त्यात चमचाभर सोडा. फस्सकन वर येतंय, ढेकर दिली की मोकळं.

खायाचा सोडा. दुसरा कुठला असनार? रोज म्हंजे… दोन टाइम जेवन तर दोन टाइम सोडा. तसा पोटात जातोयच म्हना उसळीतनं बी. —आवो, मंग ह्या पान्यात हुलगा शिजनार कसा? दहा शिट्ट्या करा, दगडच ऱ्हातोय. पाडव्यापास्नं सोड्याबिगर काय शिजतच न्हाई आमच्याकडं. चारी घरात तेच. आन ह्यांच्या दाढा न्हाईत, मऊ लोन्यावानी लागतं त्यास्नी. रात्री भिजवताना घालायचा, आन शिजवताना परत. चिमूट? न्हाई, चिमटीनं काय व्हतंय! थांबा, दावते तुमाला. हा बगा डबा, किलोचा हाय. आन हा चमचा. हा असा, भरून. गच्च. भिजवताना एक, शिजवताना एक. इतका मऊ हुतो का, बोटानं दाबला की पीठ. भागिरथीला मीच शिकवलं. डबा बी मीच दिला तिला पयला.

अशा काय बघताय?

…न्हाई. सोडा म्हंजे मीठ कसं? जिभंला लावून बगा, खारट लागतोय का? मीठ तर मी… आत काय हाय? सोडियम. म्हंजे मिठात जे असतंय ते ह्यात बी हाय? तेच? आन प्रेशर त्यानंच चढतंय? न्हाई वो. तुमी नवीन हाय, तुमी शिकून आलाय ते बरुबर आसंल, पन डॉक्टरीनबाईंनी सोड्याचं नावच काढलं न्हाई. मिठाचं सांगितलं, मीठ मी सोडलं. पापड सोडला. पापडात खार असतो म्हनून तो बी सोडला. …खार म्हंजे… थांबा जरा. थांबा. बोलू नका तुमी जरा.

हिरीचं पानी हुतं तवर सोडा न्हवता. संक्रातीला एकशे चव्वेचाळीस. तवा बी हुलगाच खात हुते, हाच हुलगा, आन उतरत हुतं. हीर बसली शिमग्यात. पाडव्याला बोअर. पाडव्याला सोडा आनला मी बाजारातनं, पावशेर आनला, मंग अर्धा किलो, मंग हा डबा. चैतात एकशे साठ. मी खुराक वाढवला. जितका हुलगा तितका सोडा. जेठात… म्हंजे मीच… ह्यांनी सांगितलं हुतं मला. एकदा ताटावर बसल्या बसल्या म्हनले, राही, मीठ न्हाई म्हनतीस, मंग जिभंला साबनावानी खारं काय लागतंय गं? मी वरडले त्यांच्या अंगावर. म्हनलं, तंबाखू खाऊन जीभ मेलीय तुमची. मुकाट्यानं खाल्ली उसळ. कदी ताटात टाकली न्हाई.

आन रंभा? सिस्टर, रंभा कशानं गेला मंग? …न्हाई, नका सांगू. तुमाला काय म्हाईत त्याचं, तुमी तवा हितं हुता का? वय झाल्तं. दारू बी घ्यायचा कदीमदी. …छप्पन. छप्पन वर्सांचा हुता वो.

कुटं निघाला? न्हाई, आत नका जाऊ. सांगते. सांगते मी, बसा जरा—बरं, हुबं ऱ्हावा, पन ऐका. आत्ता न्हाई डोळा लागला त्यांचा. सकाळी. नवाचं टायम आसंल, शाळंची घंटा झाल्ती. माडग्याची वाटी हातात दिली आन ती पडली हातातनं. मी म्हनलं, बगा, लहान पोरासारखं सांडताय. तर त्यांनी माझ्याकडं बगितलं. बोलायला गेले, आन तोंड असं एका बाजूला वढलं, आवाजच येईना. उजवा हात नुसता लोंबत हुता. मी वळखलं. आखाडात मांडीवर बगितल्यालं हुतं ना मी, मी लगी वळखलं. पन जीप सांगायला पाय उचलंना माझा. म्हनलं, एकदा नेला तो चादरीत आला. घरात असले तर माझ्या डोळ्यांफुडं तरी ऱ्हातील. जरा निजले तर उतरंल. उश्या लावल्या, तोंड पुसलं. मंग म्हनलं, पोटात औषध तर जाऊंद्या—माडग्याचं पानी घातलं चमच्यानं, दोन-तीन चमचे. ठसका लागला म्हनून थांबले. व्हय… व्हय, त्यात बी हुता सोडा. तवापास्नं वट्यावर बसल्ये. कुनाला सांगावं, काय सांगावं. आन तुमी आला मशीन घिऊन. तुमाला पानी दिलं, बोलत बसले. मला वाटलं, बोलत ऱ्हायले तर… काय वाटलं म्हाईत न्हाई. किती वाजले? बारा? बारा कसे वाजतील?

जावा. जावा आत. मी न्हाई येत, मला नका बलवू. श्वास चालूय ना? मी हितनं छाती बघत हुते मघाशी, हलत हुती. नाव घिऊन हाक मारा त्यास्नी, कानाशी जाऊन—मी सकाळपास्नं नुसतं आवो, आवो करतेय, ते डोळा उघडून बघत्यात आन परत मिटत्यात. व्हय, लावा फोन. एकशे आठला सांगा, बाभळीपासनं आत वळायचं, पत्र्याचं घर, फुडं बोअरची मोटर हाय. चाळीस मिन्टं? लवकर या म्हनावं. सांगा त्यास्नी, मानूस जागा हाय. कुशीवर करताय? करा. चमचा न्हाई देत मी आता, पानी बी न्हाई देत. न्हाई, कायबी न्हाई देत.

—कोन हाय? कोन वरडतंय भिंतीवरनं? …काय गं भागिरथी. हितंच हाय मी. न्हाई, रडत न्हाई, चुलीचा धूर गेलाय डोळ्यात. सिस्टर आल्यात, वही लिवायला. निजल्यात हे. …वाटी कशाला आनलीस? सोडा?

सोडा न्हाई गं. संपला. …व्हय, सगळा. डबा झटकून ठिवला मी सकाळीच. …हातातला डबा? त्यात काय न्हाई, रिकामा हाय. ऐक, तू मटकी शिजायला टाकलीस का? काल भिजवली तवा घातल्ता? मंग ती वत उकिरड्यावर. का म्हंजे काय? नासलीय. हितं वास येतोय मला. पातेल्यासकट वत. उद्या मी येते, दुसरं कायतरी करून देते, हिरीवाल्यांकडनं पानी आनून. उद्या सांगते सगळं. आता काय इचारू नको. माझ्याकडं असं बगू नको, भागिरथी. जा. घरात जा तू.